कृषी सेवा केंद्र चालकांना खुलं पत्र: मिरचीचा शेंडा बघण्याआधी नत्राचा हिशोब विचारा

राज्यातल्या सर्व कृषी सेवा केंद्र चालकांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कृषी खात्याला लिहावं की विद्यापीठाला, असा आधी विचार होता. शेवटी तुम्हालाच लिहितो आहे, कारण मिरचीला काय द्यायचं आणि किती द्यायचं हे तुमच्या काउंटरवर ठरतं. विद्यापीठाची शिफारस पुस्तिकेत असते, कृषी सहायकाच्या वाट्याला कित्येक गावं असतात, आणि शेतकरी सकाळी दुकान उघडायच्या वेळी कॅरीबॅगेत दोन-तीन आकसलेले शेंडे घेऊन तुमच्या पायरीवर उभा असतो. तुम्ही शेंडा हातात घेता, उलटासुलटा करता आणि विचारता, "किती पंप लागतात?" माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाबद्दल आहे. त्याच्या आधी दुसरा प्रश्न यायला हवा: "आत्तापर्यंत खत काय काय टाकलं?"

मी भोकरदन तालुक्यात मिरची करतो. आमच्या भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये बेड, मल्चिंग पेपर आणि ठिबकवर लागवड होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर हिरव्या मिरचीचे तोडे सुरू होतात. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात रात्री उशिरापर्यंत गाड्या भरल्या जातात. नंदुरबारकडे लाल मिरचीचं वेगळं गणित, तिथं माल पथारीवर वाळतो. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची आणखी वेगळी. पण गेली काही वर्षं या सगळ्या भागांतून एकच ओरड ऐकू येते. आमच्याकडे कोकडा म्हणतात, कुठे चुरडा-मुरडा, कुठे बोकड्या, आणि हल्ली सगळीकडेच "व्हायरस आला". एकदा व्हायरस म्हटलं की विचार थांबतो आणि फवारण्या सुरू होतात. आठवड्याला एक, मग चार दिवसांना एक. एका पंपात तीन-तीन औषधं, वर टॉनिक.

आकसलेला प्रत्येक शेंडा व्हायरसचा नसतो, हे तुमच्यापैकी जुन्या मंडळींना माहीत आहे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार आला असेल आणि खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी ओरखडे असतील, तर ते फुलकिडे (थ्रिप्स). पान खालच्या बाजूला वळलं असेल, देठ लांबट झाला असेल, पान अरुंद आणि कडक लागत असेल, तर कोळी (माइट). पानं बारीक होऊन एकमेकांवर गच्च बसली असतील, शिरा फिकट पिवळ्या दिसत असतील, झाड खुजं राहिलं असेल आणि हात लावल्यावर पांढरी माशी उडत असेल, तेव्हा व्हायरसचा संशय घ्यावा. शेजारच्या मक्यात किंवा उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल आणि वारा आपल्याकडचा असेल, तरी पान चिंचोळं होऊन पिळवटतं, आणि त्यावर कुठलंच कीटकनाशक चालत नाही. हे चार प्रकार उघड्या डोळ्यांनी बऱ्यापैकी ओळखता येतात. फुलकिडे बघायचे असतील तर शेंडा पांढऱ्या कागदावर दोन वेळा झटकायचा, काड्यांच्या तुकड्यांसारखे बारीक जीव पळताना दिसतात. कोळी मात्र एवढा बारीक की दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. तुमच्या शेल्फवर हजार-दोन हजारांच्या बाटल्या आहेत, पण काउंटरवर भिंग असलेलं दुकान मी क्वचितच पाहिलं.

निदान चुकण्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठी आहे. हे फुलकिडे, कोळी, पांढरी माशी, मावा एवढे माजतात कशावर? तर आपण वाढवलेल्या कोवळ्या, रसाळ पानावर.

नत्र (नायट्रोजन) हे पिकाचं अन्न आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड तिथलं नत्र काढून वरच्या शेंड्याला देतं. वाढ खुंटते, फुटवे कमी निघतात, मिरची बारीक राहते आणि उपाशी झाड रोगालाही लवकर बळी पडतं. पण गरजेपेक्षा जास्त नत्र झालं की झाड जे करतं ते आपल्याला फार आवडतं. पानाला काळोखी येते. पान रुंद होतं, शेंडा धावायला लागतो, बांधावरून बघणारा थांबून विचारतो, "काय टाकलं?" ती काळोखी म्हणजे नत्रानं वाढलेलं हरितद्रव्य. जास्तीच्या नत्राचा काही भाग पानाच्या रसात अमिनो आम्लांच्या रूपात मोकळा फिरत असतो, आणि रस शोषणाऱ्या किडीला नेमकं तेच हवं असतं. पेशी मोठ्या होतात पण त्यांच्या भिंती पातळ राहतात, म्हणून कीड सहज सोंड खुपसते आणि बुरशीही सहज शिरते. झाडाला गर्दी झाली की आत हवा खेळत नाही, दव उशिरापर्यंत टिकतं आणि फळकूज, फांदीमर, भुरी यांना आयतं घर मिळतं.

असं झाड ओळखायला लॅब लागत नाही. दोन पानांमधलं पेर बोटांनी मोजा, ते लांबलेलं असतं. शेंडा वाकवा, तो लवत नाही, टचकन मोडतो. दुपारच्या उन्हात त्याची पानं शेजारच्या प्लॉटपेक्षा आधी माना टाकतात. आणि फुलं वयाच्या मानानं उशिरा, तीही थोडी, कारण झाडाला अजून वाढायचंच असतं. या अवस्थेत शेतकरी तुमच्याकडे येऊन "फुलगळ होते, सेटिंग नाही" म्हणतो आणि फुलगळीची बाटली घेऊन जातो. आमच्या पट्ट्यात मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. पस्तिशीच्या वर मिरचीचं फूल गळणारच, रात्रीही गरम असतील तर जास्तच गळणार. त्यावर औषध नाही, थोडी कळ काढावी लागते. पण त्याच दिवसांत "झाडाला ताकद नाही" म्हणून युरिया सोडला की पाऊस पडल्यावर शेंडा सुसाट सुटतो आणि फुलकिड्यांची पहिली मोठी लाट तिथंच बसते.

व्हायरसबाबत नीट बोललं पाहिजे. जास्त नत्रानं व्हायरस तयार होत नाही. तो पांढऱ्या माशीच्या सोंडेतून येतो, शेजारच्या आजारी झाडावरून किंवा तणावरून. पण माशीला जिथं खायला आणि अंडी घालायला आवडतं, तिथं ती जास्त येते, जास्त थांबते आणि जास्त झाडांना टोचते. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र, तेलंगणा आणि कर्नाटकात फुलांत शिरणाऱ्या नव्या काळ्या फुलकिड्यांनी मिरचीची कशी वाताहत केली हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. कित्येकांनी उभं पीक उपटून टाकलं. जमेल ते औषध मारूनही कीड हटली नाही. त्यातून आपण काय घेतलं? पुढच्या वर्षी शेल्फवर नव्या औषधांची भर पडली, खताच्या पद्धतीत काहीच बदललं नाही.

आता हिशोब. बागायती मिरचीला आपल्याकडे साधारण शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅश). म्हणजे एकरी ४० किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं म्हटलं तरी एकराला दोन गोण्यांच्या आत काम होतं, तेही हप्त्याहप्त्यानं. ठिबकवरच्या भारी संकरित वाणाला दीडपट धरा, तरी तीन गोण्यांच्या पुढे जात नाही. एकरी सात हजार रोपं असतील तर शिफारशीप्रमाणे एका झाडाच्या वाट्याला सबंध हंगामात जेमतेम बारा ग्रॅम युरिया येतो. चहाचे तीनेक चमचे, बस.

शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, "मी तीनच गोण्या टाकल्या." आणि तो खरं बोलतो. पण नत्र फक्त युरियात नसतं. नमुन्यादाखल आमच्याकडे सर्रास दिसणारा एक एकर घ्या. बेसल डोसला, म्हणजे लागवडीच्या वेळी, १०:२६:२६ च्या (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) दोन गोण्या, त्यातून नत्र १० किलो. २४:२४:०० ची एक गोणी, १२ किलो. युरिया तीन गोण्या, ६२ किलो. ठिबकमधून १९:१९:१९ च्या २५ किलोच्या दोन बॅगा, साडेनऊ किलो. १२:६१:०० एक बॅग, तीन किलो. १३:००:४५ दोन बॅगा, साडेसहा किलो. कॅल्शियम नायट्रेट एक बॅग, जवळपास चार किलो. बेरीज १०७ किलो. चाळीसच्या जागी एकशे सात! यात बेडमध्ये भरलेलं शेणखत किंवा कोंबडीखत धरलेलंच नाही.

विहिरीचं पाणीही धरलेलं नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत ही मर्यादा ओलांडणारे पाण्याचे नमुने सापडले, आणि महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांमध्ये आहे. आता विहीर बरोबर मर्यादेवर आहे असं धरा. ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम नत्र असतं. हंगामात एकराला वीस लाख लिटर पाणी दिलं, तर त्या पाण्यातूनच २० किलो नत्र पिकाला मिळालं. म्हणजे शिफारशीतलं निम्मं. मागल्या वर्षी आपणच टाकलेला आणि झिरपून गेलेला युरिया यंदा मोटारीतून वर येतोय, आणि त्याच पाण्यावर आपण पुन्हा नवी गोणी सोडतोय. त्याच विहिरीचं पाणी वस्तीवरची लहान मुलं पितात, हे मला जास्त छळतं.

तुम्ही म्हणाल, शेतकरी युरियाच मागतो, आम्ही काय करणार? मान्य. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं वागणं अगदी सरळ आहे. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे नत्राचा किलो तेरा रुपयांना पडतो. डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) १३५० रुपये, आणि पोटॅशची गोणी दीड हजाराच्या पुढे, म्हणजे पालाशचा किलो पन्नास रुपयांच्या वर. २०१० मध्ये अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, पण युरियाला त्यातून बाहेर ठेवलं, आणि तेव्हापासून ही दरी रुंदावतच गेली. २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळीचं आवरण आलं, २०१८ मध्ये गोणी ५० ची ४५ किलोची झाली, तरी "एकराला अमुक गोण्या" ही सवय गोणीतच मोजत राहिली. मिरचीला पालाश कमी पडलं की रंग, वजन आणि टिकाऊपणा जातो, झाडाची किडीला तोंड द्यायची शक्तीही घटते. पण युरियाचा परिणाम चार दिवसांत डोळ्यांना दिसतो आणि पालाशचा दिसत नाही. खर्च करणारा माणूस दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवतो, त्यात त्याचा काय दोष?

तुमच्या अडचणीही मला दिसतात. युरियाच्या गोणीवर तुम्हाला सुटतं ते किरकोळ. वरून लिंकिंग: युरियाची गाडी हवी असेल तर सोबत न खपणारा माल उचला. तो माल मग शेतकऱ्याच्या गळ्यात घालावा लागतो. कमाई बाटलीत आहे, गोणीत नाही. म्हणून "फवारणी कमी करा" म्हणणं तुमच्या पोटावर पाय देण्यासारखं वाटू शकतं. पण तुमच्या वहीतली उधारी बघा. लागवडीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत माल उधार जातो आणि मिरचीचे पैसे आले की वसूल होतो. प्लॉट जुलैमध्ये कोकडला की पहिला फटका शेतकऱ्याला बसतो आणि दुसरा तुम्हाला. अर्धवट उपटलेल्या प्लॉटची उधारी किती वर्षं रेंगाळते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ज्याची मिरची दिवाळीपर्यंत चालली तो गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही तुमच्याच दुकानात येतो.

पावसाळ्यातल्या पिवळेपणाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण सगळ्यात जास्त युरिया तिथं वाया जातो. आमची काळी भारी जमीन. आठ-दहा दिवस झड लागली, वाफसा (मातीतला ओल आणि हवेचा मेळ) मोडला, की मुळांना हवा मिळत नाही आणि पान पिवळं पडतं. शेतकरी घाबरून येतो आणि युरिया घेऊन जातो. पण त्या घटकेला जमिनीत नत्र असलं तरी मूळ ते उचलू शकत नाही. उलट पाणी साचलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, उरलेलं खाली झिरपतं. त्या वेळी टाकलेली गोणी झाडाला मिळत नाही. मग ऊन पडतं, वाफसा येतो, मुळं कामाला लागतात आणि शिल्लक राहिलेलं सगळं नत्र झाडात एकदम शिरतं. पंधरा दिवसांनी तोच माणूस आकसलेले शेंडे घेऊन परत तुमच्या पायरीवर. त्याला आधी चर काढायला सांगा, पाणी बाहेर जाऊ द्या, वाफसा येईपर्यंत खत थांबवा. हा सल्ला फुकटचा आहे, पण याच्याइतका नफ्याचा सल्ला त्याला दुसरा मिळणार नाही.

उघड्या जमिनीवर, मल्चिंग नसताना, ओल्या मातीवर फेकलेल्या युरियाचं नुकसान वेगळं. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) आठच्या आसपास. गरम, चुनखडीच्या मातीत युरियाचा अमोनिया होऊन दोन-चार दिवसांत हवेत जातो. नाकाला वास येतो तेव्हा पैसेच उडत असतात. मातीआड करा किंवा पाण्यातून थोडा थोडा द्या, एवढं सांगितलं तरी बराच युरिया वाचेल.

माती परीक्षणाकडे बोट दाखवून आपण सुटू शकत नाही. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये सुरू झाली, चांगली गोष्ट झाली. पण बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरमधून एक. म्हणजे माझ्या पत्रिकेवर कदाचित शेजाऱ्याच्या बांधाची माती असेल. नत्र तर जमिनीत एका पावसानं बदलतं, दोन-तीन वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या मिरचीला काय सांगणार? पालाश, सेंद्रिय कर्ब, सामू यांच्यासाठी ती पत्रिका जरूर बघा. नत्रासाठी बिलांची बेरीज जास्त खरी.

तर मागणं असं आहे. खताची नोंद तुमच्या ई-पॉस मशीनवर आधीच होते, पण त्यात पीक कुठलं आणि क्षेत्र किती हे नसतं. मिरचीवाल्याच्या बिलावर ते तुम्ही हातानं लिहा. एकर किती, लागवड कधीची, आणि आजपर्यंत किती किलो नत्र गेलं. गोणी किंवा बॅगेवरचा पहिला आकडा गुणिले वजन भागिले शंभर, एवढंच गणित आहे, दुकानातला पोरगाही करेल. एकरी साठ किलोच्या पुढे बेरीज गेली की पुढची गोणी देताना त्याला थांबवा आणि का थांबवलं ते सांगा. तो दुसऱ्या दुकानात जाईल अशी भीती आहेच, म्हणून हे एकट्या दुकानानं करून भागणार नाही. तालुक्याच्या असोसिएशननं एकत्र ठरवावं. भाव ठरवायला तुम्ही एकत्र बसता, याच्यासाठीही बसू शकता.

शिवाय एक भिंग आणि पांढरा कागद काउंटरवर ठेवा. शेंडा आला की शेतकऱ्यासमोर झटका, त्यालाही बघू द्या. कोळी दिसला तर सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनच्या गटातलं कीटकनाशक) देऊ नका, त्यानं कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी उसळतो. व्हायरसचं झाड असेल तर त्यावर औषध नाही हे स्पष्ट सांगा, ते उपटून पुरायला लावा आणि उरलेल्या प्लॉटमधली माशी सांभाळायला सांगा. तुमच्यातल्या अनेकांनी देसी (DAESI) हा कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा डिप्लोमा केला आहे, वर्षभर आठवड्याला एक दिवस वर्गात बसून. त्यात हे सगळं शिकवलं जातं. ते प्रमाणपत्र गल्ल्याच्या मागे भिंतीवर लावलेलं मी पाहतो आणि मनापासून आदर वाटतो.

आणि एकदा, फक्त एकदा, तुमच्या नेहमीच्या पाच मिरचीवाल्यांच्या विहिरींचं पाणी बाटलीत भरून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा प्रयोगशाळेत नायट्रेटसाठी तपासून घ्या. खर्च मोठा नाही. आकडे दुकानात फळ्यावर लिहा, नावं नकोत, फक्त शिवार. त्यापुढे कुणाला किती युरिया लागतो यावर लोकच बोलायला लागतील.

येत्या उन्हाळी लागवडीसाठी रोपांचं बुकिंग फेब्रुवारीतच होतं आणि बेसल डोसची खरेदी त्याच्या मागोमाग तुमच्याकडेच. नत्राच्या बेरजेची पहिली ओळ त्या बिलावर पडावी, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे. आमच्या तालुक्यातले मिरचीवाले बैठकीला यायला तयार आहेत. जागा आणि वेळ तुमच्या असोसिएशननं सांगावी, हंगामातली आमची बिलं आम्ही सोबत घेऊन येऊ.

आपला,
भोकरदन तालुक्यातला एक मिरची उत्पादक